ऑनलाइन पीएचडी खरंच चालते का? चाळिशी-पन्नाशीत कमी खर्चात पीएचडी कशी करायची, संपूर्ण माहिती

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी असा मेसेज येतोच: "अरे, ही लिंक बघ ना जरा, खरी आहे का?" लिंक उघडली की मोठ्या अक्षरांत जाहिरात दिसते. 'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी! वयाची अट नाही! १८ महिन्यांत डॉक्टर व्हा!' मेसेज पाठवणारी असते तुमची आई, शाळेत शिक्षिका असलेली मावशी किंवा बँकेत २० वर्षं काढलेले काका. एमए होऊन जमाना झालेला असतो. संसार आणि नोकरीत शिक्षण मागे पडलेलं असतं आणि आता मुलं मोठी झाल्यावर जुनी इच्छा पुन्हा डोकं वर काढते.

घरात फोनमधलं सगळं तुम्हालाच विचारतात, म्हणून हा लेख तुमच्यासाठी. एक चुकीचं बटण दाबलं तर लाखभर रुपये आणि तीन-चार वर्षं पाण्यात जाऊ शकतात. योग्य रस्ता दाखवलात तर तीच आई खरोखर डॉक्टरेट मिळवू शकते. चला तर मग, नीट समजून घेऊया.

आधी थोडक्यात उत्तर

- भारतात पूर्णपणे ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून केलेल्या पीएचडीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यता नाही.
- नोकरी सांभाळून करायची पार्ट-टाइम पीएचडी मात्र पूर्णपणे मान्य आहे.
- पीएचडी प्रवेशासाठी यूजीसीने वयाची कमाल मर्यादा ठेवलेली नाही.
- डिग्री ऑनलाइन नसली तरी अभ्यासाचं बरंचसं काम फोन आणि लॅपटॉपवर, तेही फुकट होतं.

ऑनलाइन एमए चालतं, मग पीएचडी का नाही?

गोंधळ इथेच होतो. इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलेलं बीए, एमए मान्य असतं. मग पीएचडीलाच काय झालं, असं वाटतं.

कारण असं की पीएचडी हा ठरावीक सिलॅबसचा कोर्स नाही. त्यात मार्गदर्शक (गाइड) असतो, कोर्सवर्क असतं, दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते आणि शेवटी प्रबंधाची तोंडी परीक्षा होते. म्हणून यूजीसीच्या नियमांत दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीतून पीएचडी द्यायला परवानगी नाही. खुद्द इग्नूमध्येही पीएचडी नियमित पद्धतीनेच होते, फुल-टाइम किंवा पार्ट-टाइम.

परदेशी संस्थांसोबत टाय-अप करून एडटेक कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, अशी सूचना यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये एकत्र काढली होती. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने परदेशी डिग्री विकणाऱ्या एडटेक कंपन्यांबद्दल पुन्हा सावध केलं. तरीही रील्स थांबलेले नाहीत.

मग ही डिग्री घेतली तर काय बिघडतं? प्राध्यापक भरती, प्रमोशन किंवा वेतनवाढीच्या वेळी कागद तपासले जातात आणि तिथे ती डिग्री टिकत नाही. तोपर्यंत पैसे कधीच गेलेले असतात.

पार्ट-टाइम पीएचडी: नियम काय आहेत?

सध्याचे नियम यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. मोठ्या वयात परत शिकणाऱ्यांसाठी महत्त्वाचे मुद्दे हे:

१. पात्रता: पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालेल्यांनाही थेट अर्ज करता येतो.

२. कालावधी: कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, कमाल ६ वर्षं. गरज पडल्यास पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढवून मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत, म्हणजे एकूण जास्तीत जास्त १० वर्षं. त्यामुळे '१८ महिन्यांत पीएचडी' असं जिथे लिहिलंय, तिथेच तो टॅब बंद करा.

३. रजा: महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

४. एनओसी: नोकरी करणाऱ्यांना ऑफिसकडून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: पार्ट-टाइम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि कोर्सवर्कसाठी गरज पडली तर सुट्टी दिली जाईल. नुसतं 'आमची हरकत नाही' एवढंच लिहून आणलं तर अर्ज अडकू शकतो.

५. कोर्सवर्क: किमान १२ क्रेडिट. संशोधन पद्धती आणि संशोधन नैतिकता हे विषय त्यात येतात.

६. शोधनिबंध: प्रबंध जमा करण्याआधी जर्नलमध्ये पेपर छापलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत काढली गेली. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून तिथे विचारा.

प्रवेश कसा मिळतो?

जून २०२४ पासून यूजीसी-नेटचा स्कोअर पीएचडी प्रवेशासाठीही चालतो. नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफ (फेलोशिप) साठी वयाची अट असते, पण 'फक्त पीएचडी प्रवेश' आणि 'असिस्टंट प्रोफेसर' या गटांसाठी वयाची अट नाही. पीएचडी प्रवेशासाठी हा स्कोअर एक वर्ष चालतो आणि निवडीत परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट) घेतात, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा.

नेटचे दोन पेपर एकत्र तीन तासांत सोडवायचे असतात. एकूण १५० प्रश्न आणि ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा केंद्रावर कॉम्प्युटरवर होते. ज्यांनी शेवटची परीक्षा निळ्या शाईच्या पेनाने दिली त्यांना माउसची भीती वाटते, विषयाची नाही. एनटीएच्या साइटवर मॉक टेस्ट असते. आईला शेजारी बसवून ती दोन-तीनदा सोडवून घ्या. लक्षात ठेवा, भाषांचे विषय सोडले तर प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत येतात.

५५ टक्के नसतील तर? तिथेच थांबू नका. मुक्त विद्यापीठातून दुसरं एमए करता येतं. ते मान्य आहे, घरी बसून होतं आणि अभ्यासाची सवय परत लागते.

खर्च कुठे वाचतो, कुठे वाढतो?

साधारणपणे सरकारी विद्यापीठांची फी खासगी विद्यापीठांपेक्षा बरीच कमी असते. पण फक्त पहिल्या वर्षाची फी बघून ठरवू नका. गूगल शीट उघडा आणि या ओळी टाका: नोंदणी फी, कोर्सवर्क फी, वार्षिक फी गुणिले ६, लायब्ररी फी, प्रबंध जमा करण्याची फी, टायपिंग-बाइंडिंग आणि विद्यापीठात जायचा-यायचा प्रवासखर्च. खाली येणारी बेरीज हा खरा खर्च. प्रवासाची ओळ बरेच जण विसरतात. गावापासून ३०० किलोमीटरवरचं 'स्वस्त' विद्यापीठ शेवटी महाग पडतं.

बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत, पण त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात. नोकरी करत पार्ट-टाइम करणाऱ्यांनी हे पैसे हिशेबात धरू नयेत.

आता फुकट मिळणाऱ्या गोष्टी:

- शोधगंगा: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा साठा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध इथे मोफत वाचता येतात. विषय ठरवण्याआधी त्यावर आधी कोणी काम केलंय का, ते इथे शोधा. शोधगंगोत्री विभागात चालू संशोधनाचे आराखडे मिळतात.
- गूगल स्कॉलर: विषयाचा अलर्ट लावला की नवीन लेखांची यादी मेलवर येते.
- वन नेशन वन सबस्क्रिप्शन: १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली केंद्राची योजना. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स वाचता येतात. म्हणून सरकारी विद्यापीठात नाव असणं हाही फायदाच.
- झोटेरो: संदर्भांची यादी आपोआप तयार करणारं मोफत ॲप. ३०० एमबी स्टोरेज फुकट.
- स्वयम: संशोधन पद्धतीचे व्हिडिओ कोर्स मोफत बघता येतात. त्याचे क्रेडिट धरले जातील का, हे विद्यापीठाला विचारा.

मराठीत प्रबंध लिहिताय? फॉन्ट आधी बघा

ही चूक खूप जण करतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, कृतिदेव वगैरे) टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा खिचडा होतो आणि कॉपी-पेस्ट किंवा सर्चही नीट चालत नाही. पहिल्या पानापासून युनिकोड वापरा. फोनवर जीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं. आई बोलेल आणि गूगल डॉक्समध्ये मजकूर उमटेल. नंतर शुद्धलेखन मात्र हाताने तपासायचं.

बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. गूगलचं मोफत १५ जीबी हे फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून असतं. लग्नाचे व्हिडिओ त्यात भरलेले असतील तर प्रबंधाला जागा उरणार नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच.

आणि एआय चॅटबॉटबद्दल: कठीण इंग्रजी उतारा समजून घ्यायला तो उपयोगी आहे, पण तो कधीकधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं आणि लेख संदर्भ म्हणून देतो. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार मजकुरातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई होत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

पैसे भरण्याआधी हे तपासा

१. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या साइटवरच्या यादीत आहे का? तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते.

२. नाव यादीत आहे म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. पीएचडीचे नियम मोडल्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पुढची पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश देण्यावर बंदी घातली. म्हणून विद्यापीठाच्या नावासोबत ताज्या बातम्याही शोधा.

३. गाइडकडे जागा आहे का? प्रोफेसर ८, असोसिएट प्रोफेसर ६ आणि असिस्टंट प्रोफेसर ४ विद्यार्थी घेऊ शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

४. त्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगावर आहेत का? असतील तर किमान एक वाचा.

५. 'प्रबंध आम्ही लिहून देतो', 'पेपर छापून देतो, पॅकेज घ्या' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा.

६. पैसे फक्त विद्यापीठाच्या अधिकृत पोर्टलवर भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आईच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आहे, चालेल का?
चालतं, पण नाव बदलल्याचा पुरावा लागतो: विवाह प्रमाणपत्र, राजपत्र (गॅझेट) किंवा प्रतिज्ञापत्र. कोणता कागद हवा, ते आधी विचारून काढून ठेवा. शेवटच्या दिवशी यातच अर्ज राहतो.

एकदाही विद्यापीठात न जाता होईल का?
नाही. कोर्सवर्क, समितीसमोरचं सादरीकरण, गाइडची भेट यासाठी जावं लागतं. शेवटची तोंडी परीक्षा मात्र ऑनलाइन घ्यायची मुभा नियमांत आहे.

पैसे देऊन मिळणारी 'मानद डॉक्टरेट' चालते का?
ती शैक्षणिक पात्रता नाही. भिंतीवर लावता येईल, नोकरीत दाखवता येणार नाही.

पन्नाशीत सुरू करून काय फायदा?
फक्त प्रमोशनसाठी करायची असेल तर निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते मोजा आणि त्यातून ६ वजा करा. विषयाची ओढ असेल तर हे गणित मांडायची गरजच नाही. ३० वर्षं वर्गात उभं राहिलेल्या शिक्षिकेकडे किंवा शेतीचं कर्ज हाताळलेल्या बँक अधिकाऱ्याकडे जो अनुभव असतो, तो पंचविशीतल्या संशोधकाकडे नसतो. आपल्या कामातूनच विषय निवडला तर माहिती गोळा करणंही सोपं जातं.

शेवटी

तर मित्रांनो, घरात कोणी 'ऑनलाइन पीएचडी'ची लिंक पाठवली तर 'हे फेक आहे' एवढंच लिहून गप्प बसू नका. त्यांना खरंच शिकायचं असतं, चुकीची असते ती फक्त लिंक. येत्या रविवारी अर्धा तास त्यांच्यासोबत बसा, शोधगंगा उघडून द्या आणि त्यांच्या विषयाचा एक प्रबंध डाउनलोड करून द्या. पुढची वाट ते स्वतः शोधतील. आणि हा लेख त्या फॅमिली ग्रुपवर नक्की टाका!