हिवाळ्याचा वाटा

डहाणू-तलासरीकडची थंडी पहाटेची. शेकोटीपाशी तोंड भाजतं, पाठ गारच राहते. ऊन चढलं की कांबळं खुंटीला. तेवढ्या थंडीलाही मधमाशी किती हिशेबाने राहते, हे मला आजाने दाखवलं.

आमच्या रानात माश्या चार तऱ्हेच्या. सातेरी झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक पोळी बांधते. हीव पडलं की माश्या दाटीने बसतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पिल्लांची जागा ३४-३५ अंशांवर ऊबदार ठेवतात. फुलोरी झुडपात तळहाताएवढं एकच पोळं लावते. थंडीत ऊन येणारी फांदी धरते. आग्याचं मोहोळ उंच फांदीला उघडंच. माश्यांचे थरावर थर हीच त्याची गोधडी. फुलोरा आटला की आग्या उठून दुसऱ्या मुलखात जाते. डंख नसलेली पोया भिंतीच्या फटीत शिरते. बर्फाच्या मुलखातली युरोपी माशी तर महिनोन्‌महिने बाहेरच पडत नाही, गोळा करून बसते. या साऱ्या उबेला सरपण एकच, साठवलेला मध.

पूर्वी मध काढायचा म्हणजे पेटता चूड आणि कोयता. पोळं कापलं की मधाबरोबर पिल्लंही जायची. आजा मात्र थोडी पोळी ढोलीत राखायचा. म्हणायचा, "सगला काढू नको, पोऱ्या. तिला पन हिवाला काढायचा हाय."

एका पुसात आजा गावाला गेला असता मी ढोली साफ केली. घरी सगळ्यांनी बोटं चाटली. आठवड्याने पाहिलं तर ढोली रिकामी. सातेरी घर सोडून गेली होती. आजा काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

१९४६ साली महाबळेश्वरात मधमाशीपालनाचं काम उभं राहिलं, १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली. सातेरी पेटीत नांदू लागली. यंत्राने मध काढून पोळं जसंच्या तसं तिला परत देता येऊ लागलं. आता आमच्या घोलवडचं नावही 'मधाचे गाव' म्हणून घेतात. चूड गेला, कोयता गेला. पण पेटीतलाही सगळा मध ओरबाडता येतोच. म्हणून झाकण उघडलं की मी आधी तिचा वाटा बाजूला धरतो, मग आपला.