विजय चौकातील टेनर ड्रम आणि देशीपणाचा प्रश्न

दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीच्या सायंकाळी होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्याविषयीचा वाद सुरावटींभोवतीच फिरत राहिला आहे. २०२२ मध्ये ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थनेची सुरावट वगळण्यात आली. २०२३ मध्ये केवळ भारतीय सुरावटी वाजल्या. त्या ज्या वाद्यांवर वाजतात त्यांचे कूळ मात्र कोणी विचारले नाही. या दृष्टीने टेनर ड्रमचे उदाहरण उद्बोधक आहे.

लष्करी बँडमध्ये बास ड्रम पावलांना ठेका देतो, तर साइड ड्रम त्या ठेक्यात बारीक लयबंध भरतो. टेनर ड्रमचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला लागून असतात तशा तारा त्याला नसल्याने त्याचा नाद गोल व घुमणारा होतो. पाइप बँडमधील टेनरवादक मऊ टोकांच्या काठ्या हवेत फिरवतो. त्यामुळे लय ऐकू येते तशी दिसतेही.

हे वाद्य युरोपीय पायदळाबरोबर भारतात आले. पण युरोपचा तालवाद्यसंभारही निर्भेळ नव्हता. मराठीतील ‘नगारा’ ज्या अरबी शब्दापासून आला, त्याच शब्दापासून धर्मयुद्धांच्या काळात इंग्रजीतील ‘नेकर’ आला. अठराव्या शतकात तुर्की मेहतर पथकांच्या प्रभावातून बास ड्रम व झांजा युरोपीय बँडमध्ये स्थिरावल्या. टेनर ड्रम नगाऱ्याचा थेट वंशज नव्हे. परंतु ज्या ताफ्यात तो वाजतो, तो ताफा अशा देवघेवीतूनच घडला.

दिल्लीला ढोलाचा राजकीय अर्थ नवा नव्हता. लाल किल्ल्याच्या नक्कारखान्यात ठरावीक प्रहरी झडणारी नौबत बादशाही सत्तेची ग्वाही देई. मूळ अरबीत ‘पाळी’ असा अर्थ असलेल्या या शब्दाने मराठीत वाद्य आणि ओढवलेला प्रसंग, असे दोन्ही अर्थ जपले आहेत. नौबत एका जागी राहून नगराला उद्देशून वाजे. लष्करी ढोल चालत्या पावलांना उद्देशून वाजतो. सूर्यास्ताला सैनिकांना छावणीत परत बोलावण्याचा ‘रिट्रीट’चा मूळ हेतू आता उरलेला नाही. विजय चौकात ढोल वाजतो तो प्रेक्षकांसमोर राज्यसंस्थेचे वैभव प्रकट करण्यासाठी. म्हणजे युरोपीय घडणीच्या वाद्याने दिल्लीत नौबतीचेच कार्य अंगीकारले आहे.

स्वीकाराच्या अभ्यासात उगमाइतकेच कार्यालाही महत्त्व द्यावे लागते, ते यासाठी. सुरावट बदलून देशीपण सिद्ध करता येते, असे मानणाऱ्या भूमिकेला टेनर ड्रमचा इतिहास पुरता दुजोरा देत नाही.