‘वाया गेला’ असे ठरवण्यापूर्वी

राजगुरुनगर सोडून खेड घाट चढला की मंचरच्या अलीकडे पेठ लागते. सातगाव पठारावरचे हे गाव खरिपाच्या बटाट्यासाठी ओळखले जाते. इथली मुले अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात, मंचर-राजगुरुनगरच्या कॉलेजांत जातात, काही पुण्यात खोली करून राहतात. त्यांच्यात एखादा असा निघतो, की ज्याची बुद्धी सर्वांना मान्य असते, पण विषय राहत जातात. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख उलटून जाते, सबमिशनच्या आदल्या रात्री वही उघडली जाते, धरलेली नोकरी दोन महिन्यांत सुटते, पाकीट आणि किल्ल्या रोज शोधाव्या लागतात. अशा मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेऊन एडीएचडीची तपासणी करावी, असे कोणी सुचवले, तर घरातली आणि भावकीतली जाणती माणसे एका सुरात नको म्हणतात. त्या नकारामागे मुलाबद्दलची काळजीच असते आणि काही विचारही असतो. म्हणून त्याला विचारानेच उत्तर द्यायला हवे.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात, कामांचा क्रम लावण्यात आणि उतावळेपणा आवरण्यात येणारी, लहानपणापासूनची अडचण. मेंदूच्या वाढीशी संबंधित विकारांत तिची गणना होते. काहींत चंचलता ठळक असते, काहींत नुसती तंद्री आणि विसराळूपणा.

आता पूर्वपक्ष पाहू. तो असा मांडला जातो. हे मोबाइलने आणलेले शहरी खूळ आहे. मुलगा दहावीपर्यंत चांगला होता, मग हा आजार आला कुठून? आम्हीही त्याच्या वयात असेच होतो आणि आमचे काही बिघडले नाही. अंगावर जबाबदारी पडली, लग्न झाले, की येईल ताळ्यावर. डॉक्टरकडे नेले तर नशेच्या गोळ्या सुरू होतील आणि कपाळी कायमचा शिक्का बसेल. शिवाय आजकाल कोणालाही काहीही ठरवून देतात. यातला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. पण क्रमाने जाऊ.

मोबाइलचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली आपल्या ग्रंथात एका गोष्टीवर चित्त ठरत नसलेल्या, शाळेत त्यामुळे मागे पडणाऱ्या माणसांचे वर्णन केले. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवेपदावर होता. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने लंडनमधल्या व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांची प्रकरणे मांडली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने अशा काही मुलांवर उत्तेजक औषधाचा अनपेक्षित चांगला परिणाम नोंदवला. मोबाइल लक्ष विचलित करतो, हे मात्र पूर्ण खरे आहे. म्हणूनच निदानाच्या नियमांत एक कडक अट आहे: लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असली पाहिजेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या नियमावलीत ती स्पष्ट लिहिली आहे. अठराव्या वर्षी स्मार्टफोन हातात आल्यावर ज्याचे चित्त उडाले, त्याला तपासणी ‘एडीएचडी नाही’ असेच सांगेल. मोबाइलचा संशय असणाऱ्याने तर तपासणीचा आग्रहच धरायला हवा.

‘दहावीपर्यंत चांगला होता’ या वाक्यात खूप काही दडलेले असते. दहावीपर्यंत त्याला उठवत कोण होते? दप्तर कोण तपासत होते? गावच्या शाळेत गृहपाठ राहिला, तर संध्याकाळपर्यंत घरी कळत होते, कारण शिक्षक वडिलांना ओळखत होते. शेतातही तसेच. पाऊस होऊन वाफसा आला की बटाट्याची लागवड उद्यावर ढकलता येत नाही. सगळे घर वावरात उतरते आणि पोरगाही त्यांच्याबरोबर राबतो. काम कधी, कुठले आणि कोणाबरोबर, हे त्याला स्वतः ठरवावे लागत नाही. कॉलेजात हा सगळा आधार एकाच जून महिन्यात निघून जातो. हजेरी, जर्नल, फॉर्म, शिष्यवृत्ती, मेसचे पैसे, सगळ्याचा हिशेब एकट्याने ठेवायचा असतो. जी अडचण घराने आणि गावाने वर्षानुवर्षे सावरून धरली, ती इथे उघडी पडते. विशीतच ती प्रथम नजरेस का येते, याचे हे उत्तर आहे. मुलींच्या बाबतीत ती आणखी उशिरा नजरेस येते. वर्गात दंगा न करणारी, खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पुढे सासरी ती वेंधळी म्हणून बोलणी खाते.

‘आम्हीही असेच होतो’ हे वडिलांचे वाक्य तर तपासणीच्या विरोधात नाहीच, बाजूने आहे. जुळ्यांच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असल्याचे दिसले आहे. उंचीच्या पाठोपाठ ज्यांत आनुवंशिकता ठळक दिसते, अशा गुणांत त्याची गणना करावी लागते. घरात आणखी कोणाला अशी अडचण होती का, हा प्रश्न डॉक्टर विचारतातच, आणि वडिलांनी तो न विचारताच उत्तर दिलेले असते. वडिलांचे काही बिघडले नाही, हे मात्र त्यांनी एकट्याने ठरवू नये. अर्धवट सुटलेले शिक्षण, उतावळेपणाने केलेले व्यवहार, तंबाखूची लवकर लागलेली सवय यांचा हिशेब त्यांच्या पत्नीलाही विचारावा.

वयाबरोबर सुधारणा होते, हा समज निराधार नाही. फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्य थराची वाढ सरासरी सुमारे तीन वर्षे मागे असते. म्हणजे पोरकटपणाला काहींच्या बाबतीत शारीरिक आधार आहे आणि पुढे काही मुले ही उणीव भरून काढतात. जगभरच्या अभ्यासांत मुलांमध्ये एडीएचडीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आढळते, प्रौढांत अडीच टक्क्यांच्या. पण सुधारणा झालेल्यांत आपला मुलगा आहे की नाही, हे वाट पाहून कसे कळणार? प्रौढपणी धावपळ कमी होते, विसराळूपणा आणि चालढकल मात्र बहुधा मागे राहते. आणि वाट पाहण्याची किंमत असते. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारित २०१४ च्या अभ्यासात, एडीएचडी असलेल्या पुरुषांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन-अपघातांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी दिसला. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळे श्रेय औषधाला देता येणार नाही. तरीही पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या आणि अठराव्या वर्षी मुलाला मोटारसायकल घेऊन देणाऱ्या आईबापांनी हा आकडा नजरेआड करू नये.

राहिला लग्नाचा उपाय. याविषयी मला कठोर बोलावेसे वाटते. मुलाला काय झाले आहे हे न तपासता दुसऱ्याच्या मुलीला त्याच्या सुधारणेसाठी घरात आणणे हा अन्याय आहे. जे काम आईला वीस वर्षांत जमले नाही, ते एकवीस वर्षांच्या सुनेने वर्षात करावे, अशी अपेक्षा त्यात असते आणि ते जमले नाही की दोष तिच्यावर येतो.

आता सर्वांत बळकट आक्षेप: निदाने सर्रास केली जातात. हे काही ठिकाणी खरेच घडते आणि त्याचा पुरावाही आहे. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची सीमा १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के अधिक प्रमाणात एडीएचडी ठरवले गेल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ वयाने लहान असण्यालाच आजार म्हटले गेले. फोनवर प्रश्नावली सोडवून स्वतःला एडीएचडी आहे असे सांगणारे तरुणही वाढले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी अठरा प्रश्नांची एक चाळणी-प्रश्नावली आहे. तिचे काम फक्त ‘पुढे तपासा’ एवढे सांगण्याचे आहे, निदानाचे नाही.

पण या पुराव्यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? त्याच वर्षी मार्गरेट सिब्ली यांच्या गटाने याचे उत्तर दिले. प्रौढपणी एडीएचडी प्रथमच सुरू झाल्यासारखे ज्यांच्याबाबत लक्षणांच्या यादीवरून वाटत होते, त्यांची त्यांनी सविस्तर छाननी केली. त्यांतले सुमारे ९५ टक्के बाद झाले. त्यांच्या लक्षणांमागे दुसरे मानसिक आजार, व्यसने किंवा तात्पुरत्या अडचणी होत्या. घाईच्या तपासणीने झालेली चूक काळजीपूर्वक तपासणीने दुरुस्त झाली. चुकीच्या निदानांची ज्याला भीती वाटते, त्याचे तपासणी नाकारून काय साधते? नैराश्य, थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, झोपेचा विकार किंवा दारू यांपैकी काही असेल, तर तेही मग कळायचे राहते.

चांगली तपासणी कशी असते, हे म्हणून नीट माहीत असावे. एडीएचडी ठरवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयही नाही. दहा मिनिटांत निदान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सतरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत लक्षाशी संबंधित नऊपैकी निदान पाच, किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी निदान पाच लक्षणे, किमान सहा महिने असावी लागतात. ती एकाच ठिकाणी दिसून चालत नाहीत. घर, कॉलेज, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यांच्यामुळे आयुष्याचे प्रत्यक्ष नुकसान होत असावे लागते. आणि दुसऱ्या कारणाने ती अधिक नीट समजत नाहीत ना, हे पाहावे लागते. यासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत घेतो, आणि बालपण पाहिलेल्या माणसाशीही बोलतो.

आणि इथेच ‘हे शहरवाल्यांचे काम’ हा समज उलटा ठरतो. या तपासणीतला सर्वांत मौल्यवान पुरावा म्हणजे बालपणाची साक्ष. परगावी स्थायिक झालेल्या, आईवडील दूर असलेल्या नोकरदाराला ती गोळा करताना नाकी नऊ येतात. पेठसारख्या गावात ती चार घरांत मिळते. आई आहे, चुलती आहे, पहिलीपासून एका बाकावर बसलेला मित्र आहे, निवृत्त होऊन गावातच राहिलेले गुरुजी असतात. ट्रंकेत जुनी प्रगतिपुस्तके असतात, त्यांवर ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा असला तर तो इथे दस्तऐवज ठरतो. पुण्याला जाताना ही प्रगतिपुस्तके आणि आई, दोन्ही बरोबर असावीत.

गोळ्यांबद्दलची भीती अर्धी बरोबर आहे. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो. म्हणूनच ते आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहे: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते आणि त्या विक्रीसाठी वेगळा परवाना असतो. प्रत्येक केमिस्टकडे ते मिळत नाही, याचे कारण हेच. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, नाडी आणि घराण्यातला हृदयविकार पाहिला जातो. उत्तेजक नसलेले ॲटोमॉक्सेटिनही उपलब्ध आहे. मात्र तपासणी म्हणजे गोळी नव्हे. निदान झाल्यावर औषध घ्यायचे की कामांची रचना बदलणे, समुपदेशन आणि झोपेची शिस्त यांवर आधी भर द्यायचा, हे तो सज्ञान मुलगा डॉक्टरांशी बोलून ठरवतो.

शिक्क्याचे म्हणाल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. फाइल गावात फिरत नाही. ‘आळशी’, ‘बिनकामाचा’ ही नावे मात्र चावडीवर फिरत असतात आणि त्यांना कोणी पुरावा मागत नाही.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो: सोय अपुरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्या गरजेचा तसा अंदाजही त्यातून मिळाला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. परीक्षेतल्या सवलतीसाठी म्हणून झगडावे लागते. ही तक्रार रास्त आहे आणि ती शासनाकडे जोरात केली पाहिजे. ती करण्याचा हक्कही आहे, कारण २०१७ च्याच कायद्याने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा अधिकार ठरवला आहे. पण अपुरी सोय म्हणजे शून्य सोय नव्हे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य, मराठीतही बोलता येते. औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससूनचा मनोविकार विभाग पेठपासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत. बटाट्याच्या भावासाठी आपण याहून लांबची बाजारपेठ गाठतो.

तेव्हा सिद्धान्त असा. ज्या तरुणाची धडपड आणि त्याचे फळ यांत वर्षानुवर्षे अंतर पडत आले आहे आणि ज्याच्या अडचणीच्या खुणा बालपणापर्यंत मागे जातात, त्याची तपासणी झालीच पाहिजे. निष्कर्ष ‘आहे’ असा येवो वा ‘नाही’, दोन्हींचा उपयोग आहे: एकात उपायाची दिशा मिळते, दुसऱ्यात खरे कारण शोधायला वाट मोकळी होते. पुढच्या सत्राच्या परीक्षेचे फॉर्म सुटण्याआधी एक दिवस काढा, प्रगतिपुस्तके शोधा, मुलाला विश्वासात घ्या आणि तज्ज्ञाची वेळ ठरवा. त्याच्याबद्दल निकाल द्यायचाच असेल, तर तो चौकशीनंतर द्या.