पेशीतला जीर्णोद्धार

पाव फुगविणारे यीस्ट म्हणजे अवघ्या एका पेशीचा जीव. मिलिमीटरचे दोनशे भाग करावेत आणि त्यांतील एक घ्यावा, एवढाच त्याचा व्याप. पण या व्यापातही एक भरलेला संसार आहे. त्यातील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा काढून पेशीला पुरवितात. हे करता करता त्या झिजतात, आणि झिजलेली तंतुकणिका उपकारक राहत नाही. ती पेशीलाच अपाय करू लागते. अशा जीर्ण तंतुकणिकांचे यीस्ट काय करते, हे उलगडण्यास माणसाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

या शोधाचा आरंभ यीस्टमध्ये झाला नाही. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ द द्यूव यांनी 1955 साली उंदरांच्या यकृतपेशींत पाचक द्रव्यांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असल्याचे दाखविले. त्यांना लायसोसोम असे नाव मिळाले. 1962 साली ॲशफर्ड आणि पोर्टर या अमेरिकन संशोधकांना अशाच पिशव्यांत अर्धवट पचलेल्या तंतुकणिका आढळल्या. पेशी आपलाच अंश खाते, हे त्यावरून दिसून आले. 1963 साली द द्यूव यांनी या क्रियेला 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. नाव मिळाले, तरी क्रियेचे सूत्रधार कोण हे मात्र कळेना. जे क्षणात पचून जाते, त्याचा माग काढावा कसा?

हा माग काढला जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांनी. 1988 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक मोठी पिशवी असते. ती केवळ कचऱ्याची कोठी, असे समजून तिच्याकडे फारसे कोणी वळत नसे. ओहसुमींनी तीच निवडली. मोरीचे तोंड बुजविले म्हणजे पाण्याबरोबर काय वाहून जात होते ते दिसते. त्यांची युक्ती याच जातीची होती. रिक्तिकेतील पाचक द्रव्ये ज्यात नाहीत असे यीस्ट त्यांनी घेतले आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक बारीक गोलकांनी भरून गेली. आत आलेला माल पचत नव्हता, म्हणून तो साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसला.

पुढे 1993 साली ओहसुमी आणि त्यांच्या सहकारी त्सुकादा यांनी ही क्रिया बिघडलेली यीस्टची पंधरा वाणे वेगळी काढली. उपासमारीत ती फार काळ तग धरीत नसत. स्वभक्षण हे पेशीच्या जगण्याचेच साधन आहे, याची ही साक्ष होती. या कार्याबद्दल ओहसुमींना 2016 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. पेशी नेमक्या तंतुकणिकाच कशा वेचते? 2009 साली मिशिगन विद्यापीठातील क्लिओन्स्की यांच्या गटाने आणि जपानमधील ओकामोतो व ओहसुमी यांच्या गटाने स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावर 'एटीजी 32' नावाचे प्रथिन असते. ते पेशीतील 'एटीजी 11' या दुसऱ्या प्रथिनाला धरते. मग तंतुकणिकेभोवती दुहेरी पडदा विणला जातो आणि ते गाठोडे रिक्तिकेत पोचते. तेथे तिचे तुकडे होतात आणि त्यांतील द्रव्ये नव्या बांधणीस उपयोगी पडतात. 'एटीजी 32' काढून टाकले, तर इतर स्वभक्षण चालू राहते. तंतुकणिका मात्र जागच्या जागी राहतात.

माणसाच्या पेशीतही हीच व्यवस्था आहे, जरी तेथे खूण करण्याची रीत निराळी आहे. 'पिंक 1' आणि 'पार्किन' ही प्रथिने बिघडलेल्या तंतुकणिका ओळखून देतात. त्यांच्या जनुकांत आनुवंशिक दोष असेल, तर ऐन उमेदीत कंपवाताचा विकार जडू शकतो. या विकारात मेंदूतील काही पेशी नष्ट होत जातात. जुने वेळीच मोडून त्याचे साहित्य नव्याला लावणे, हा जीर्णोद्धार यीस्टला जितका अवश्य आहे, तितकाच तो माणसालाही आहे.