अपाची, आयआयएस आणि प्रोग्रामरची अवजारे

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात तयार झालेला वेब सर्व्हर 1994 मध्ये पोरका झाला. त्याचा लेखक रॉब मॅककूल केंद्र सोडून गेला आणि ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, ईमेलने एकमेकांना पाठवू लागले. ब्रायन बेलेनडॉर्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हे पॅच एकत्र केले. त्यातूनच अपाची उभा राहिला आणि एप्रिल 1996 मध्ये नेटक्राफ्टच्या पाहणीत पहिल्या क्रमांकावर पोचला.

हे लोक युनिक्सवर वाढलेले होते. व्हीआय किंवा इमॅक्समध्ये कॉन्फिगरेशनची फाइल उघडायची, ओळ बदलायची आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, एवढे त्यांना पुरत असे. पर्लमधली सीजीआय स्क्रिप्ट अडली की ब्राउझरवर फक्त ‘500 इंटर्नल सर्व्हर एरर’ दिसे. कारण शोधायचे तर दुसऱ्या टर्मिनलवर ‘टेल’ चालवून एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायच्या आणि स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘प्रिंट’ टाकून पाहायचे. सर्व्हर घडवणारे आणि वापरणारे एकच असल्यामुळे वेगळा एडिटर-डीबगर बांधून देण्याची निकड कोणालाच वाटली नाही. अपाचीच्या बाजूला अवजारांची वानवा राहिली ती मुख्यतः यामुळे. तांत्रिक अडचण दुय्यम होती.

मायक्रोसॉफ्टचे गणित वेगळे होते. कंपनीला विंडोज एनटी खपवायचे होते आणि व्हिज्युअल बेसिकवर हात बसलेले प्रोग्रामर वेबकडे वळवायचे होते. जानेवारी 1996 मध्ये तिने व्हर्मियर ही कंपनी विकत घेऊन फ्रंटपेज हा वेब पानांचा एडिटर मिळवला. त्याच वर्षी आयआयएस हा सर्व्हर आणला, वर्षअखेरीस त्यात एएसपी ही सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवण्याची सोय आली आणि 1997 मध्ये त्यासाठीचे अवजार, व्हिज्युअल इंटरडेव्ह, बाजारात उतरले. फेब्रुवारी 2002 च्या व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटने ही वाट आणखी रुंद केली. पानावर बटण ओढून ठेवायचे, त्यावर डबल क्लिक करायचे, की त्या बटणाच्या क्लिकसाठी रिकामे फंक्शन तयार. एफ9 दाबून ब्रेकपॉइंट लावला आणि एफ5 दाबले की कोड नेमक्या त्या ओळीवर थांबे आणि प्रत्येक व्हेरिएबलची किंमत समोर दिसे. लॉग चाळण्यात दिवस घालवलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची होती. मात्र तिची किंमतही होती. पानाची अवस्था टिकवण्यासाठी ‘व्ह्यूस्टेट’ नावाच्या लपवलेल्या फील्डमध्ये मजकूर साठे आणि पान फुगे. एचटीटीपी प्रत्यक्षात कसे चालते हे अनेक प्रोग्रामरांच्या नजरेआड राही. आणि लिहिलेला कोड विंडोजला बांधला जाई.

मुक्त बाजूची अवजारे तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या हातांतून आली. सनमधील जेम्स डंकन डेव्हिडसन याच्या कामातून टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर आला आणि तो बांधण्यासाठी लिहिलेले अँट स्वतंत्र अवजार म्हणून जावाच्या जगात पसरले. एडिटर-डीबगर एकत्र देणाऱ्या अवजारांपैकी सनने 2000 मध्ये नेटबीन्स खुले केले, तर आयबीएमने नोव्हेंबर 2001 मध्ये एक्लिप्स. पीएचपीसाठी 2002 मध्ये एक्सडीबग हे डीबगिंगचे एक्स्टेन्शन आले, पण ते बसवायचे म्हणजे पीएचपी डॉट आयएनआय या फाइलमध्ये एक्स्टेन्शनचा मार्ग हाताने लिहावा लागे आणि मग एडिटरशी त्याची जुळणी करावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या गिऱ्हाइकाला जे एका सीडीत मिळे, ते इथे ज्याचे त्याने जुळवायचे. अपाची, पीएचपी आणि मायएसक्यूएल एकत्र बसवून देणारे एक्झॅम्प म्हणूनच नवशिक्यांना इतके उपयोगी पडले.

पुढे एडिटर आणि सर्व्हर यांची गाठ सुटत गेली. मायक्रोसॉफ्टने 2005 पासून व्हिज्युअल स्टुडिओच्या मर्यादित एक्स्प्रेस आवृत्त्या मोफत दिल्या आणि 2015 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणून त्याचा स्रोतही खुला केला. जून 2016 मध्ये आलेले एएसपी डॉट नेट कोअर हे मुक्तस्रोत असून केस्ट्रेल या स्वतःच्या सर्व्हरसह लिनक्सवर चालते, आणि तिथे त्याच्यापुढे एनजिनएक्स किंवा अपाची ठेवता येतो.