डिझाइनमधील पीएच.डी. संशोधन

वस्तू घडवताना मिळणारे ज्ञान तपासून मांडणारे उच्चशिक्षण. ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये डिझाइनविषयी, डिझाइनद्वारे आणि डिझाइनसाठी असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. खरा वाद दुसऱ्या प्रकाराभोवती आहे. नुसती वस्तू घडवणे म्हणजे संशोधन नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचे उत्तर 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन केंद्राच्या कामात सापडते. तिथल्या ‘स्वरचक्र’ या मोबाइल कळफलकात ‘क’वर बोट टेकले की भोवती का, कि, की, कु अशा अक्षरांचे वर्तुळ उघडते, बोट सरकवले की हवे ते अक्षर उमटते. बाराखडी येणाऱ्याला टंकलेखन न शिकताही लिहिता यावे, हे या रचनेतले गृहीतक वेग आणि चुका मोजून पडताळता येते. ते खोटे ठरले तरी ज्ञानात भर पडतेच, आणि घडवलेली वस्तू प्रबंधाच्या तोलाची होते ती याच कसोटीमुळे. मात्र चाचणी कोणावर घेतली, हे निर्णायक असते. मुंबईतल्या विद्यार्थ्यांवरून काढलेला निष्कर्ष जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडच्या कापूस उत्पादक शेतकऱ्याला लागू पडेलच असे नाही. तिथल्या तावडी बोलीतले उच्चार, उन्हात न दिसणारा पडदा, कामाने राठ झालेली बोटे यांचा विचार संशोधनाच्या आराखड्यातच व्हायला हवा.