पाण्यामागे चाललेली माणसे

कटंगी परिसरातील आपल्या मराठी घरांत ‘आपण मूळचे कुठले’ हा विषय निघाला की बहुधा नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीची कथा सांगितली जाते. ती खोटी नव्हे. परंतु या भूमीत माणसे आली, टिकली आणि निघूनही गेली, त्यामागे राजसत्तेइतकाच पाण्याचाही हात होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार हे परंपरेनुसार माळव्यातून नगरधनमार्गे आले. भोसल्यांच्या कटक मोहिमेतील साह्याबद्दल त्यांना नदीच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या. माळवा गव्हाचा, हा प्रदेश धानाचा. जुनी शेती नव्या मातीवर न लादता त्यांनी तलाव, बोड्या आणि बांध्यांची शेती आपलीशी केली व तीत नाव मिळविले. शेजारच्या भंडाऱ्यात कोहळी समाजाचा लौकिकही तलावांमुळेच झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक यांनी परसवाड्याच्या अरण्यमय पठारावर गावे वसविली. ही सारी स्थलांतरे फळास आली, कारण येणाऱ्याला जमीन मिळाली आणि पाणी अडविण्याची मुभाही.

याच्या नेमके उलट चित्र शतकाअखेरीस दिसले. धान शेवटच्या पावसावर उभे राहते. हस्ताने पाठ फिरविली की लोंबी पोचट राहते. १८९६-९७ च्या दुष्काळाने बालाघाट जिल्हा होरपळला, आणि तो सावरतो न सावरतो तोच १९०० चा दुष्काळ आला. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३,२६,५२१ भरली; दहा वर्षांत सुमारे १५ टक्के घट! त्या काळात मध्य प्रांतातून कित्येक कुटुंबे आसामच्या चहामळ्यांकडे गेली. तिथे त्यांची वाट पाहत होती ती केवळ मजुरी. स्वतःची बांधी नव्हे.

विसाव्या शतकात तिरोडी, भरवेलीच्या मँगनीज खाणींनी काहींना घराजवळच काम दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा, नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेघ उमटली, पण पोटामागे जाणाऱ्या पावलांनी ती मानली नाही.

शासकीय सेवेत असताना धानकापणीनंतर आम्ही कुलूप लागलेली घरे पाहिली. यादीतील नावापुढे ‘बाहेरगावी’ असे लिहून आम्ही पुढच्या दारी जात असू. मे २०२० मध्ये याच जिल्ह्यातील एक मजूर गर्भवती पत्नीला व लेकीला हातगाड्यावर बसवून हैदराबादहून गावाकडे ओढत निघाल्याचे साऱ्या देशाने पाहिले. तेव्हा आमच्या त्या एका शब्दाची आम्हांस लाज वाटली.

आपल्या पूर्वजांनी केले ते ‘वसणे’ आणि मजूर करतो ती ‘वणवण’, असा भेद आपण सहज करतो. निसर्ग फिरला असता जागा बदलणे हे दोघांचेही शहाणपणच. अंतर आहे ते मुक्कामी काय मिळाले, याचे. पाऊस दिवसेंदिवस लहरी होत असताना गाळाने भरलेले आपले तलाव उपसणे, आणि तरीही जावे लागले त्यांचे रेशन, मतदान व मुलांची शाळा त्यांच्यासोबत जाईल अशी तजवीज करणे, एवढे तरी आपल्याला करता येईल. कधीकाळी इथे आपणही बाहेरगावचेच होतो.